सेवापुस्तकात नमूद असल्याप्रमाणे

बद्रीनाथ शिनगाऱ्यांनी नियम केले ते दुसऱ्यांसाठी. नियम करणारा माणूस सहसा असंच करतो आणि त्यात वावगं काही नाही. प्रत्येकजण स्वतःसाठी नियम करायला लागला तर जगात नियम फार थोडे उरतील आणि जे उरतील ते फार सोपे असतील.

घाटनांदूरच्या रस्त्याला असलेल्या त्या महाविद्यालयात शिनगारे कार्यालय अधीक्षक होते. नोकरी एकतीस वर्षं, खिशाला दोन पेनं, आणि आवक-जावक रजिस्टरावर देवाच्या खालोखाल श्रद्धा. विद्यापीठाची तपासणी समिती महिन्याभरात येणार असं कळलं तेव्हा प्राचार्यांनी जाहीर केलं, की कॉलेजच्या सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याचं स्वतःचं एक पान पाहिजे. दुसऱ्या कॉलेजांत तसं असतं म्हणे. सर्व्हर म्हणजे संगणक प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला एक काळा डबा. परळीच्या वीजकेंद्राकडून वारा सुटला की त्याच्यावर राखेचा थर बसायचा, म्हणून त्याला टॉवेल पांघरलेला असे. हा डबा पौर्णिमा जोगदंड नावाच्या सहायकाच्या ताब्यात होता. वय सत्तावीस. बोलायची कमी आणि जे बोलायची ते खरं निघायचं, एवढा एक दोष सोडला तर मुलगी चांगली होती.

पहिल्या आठवड्यात या पानांवर नुसती बेबंदशाही माजली. शिपाई बजरंग याने आपल्या पानावर स्वतःचा फोटो न टाकता देवणी खोंडाचा टाकला आणि खाली ‘वय अडीच वर्षे, शांत स्वभाव’ असं लिहिलं. अंबाजोगाईहून चार माणसं खोंड बघायला कॉलेजात आली. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी कविता टाकल्या. मराठीचे प्राध्यापक हनुमान घुले यांनी कहर केला. त्यांचा प्रबंध नुसता विद्यापीठात पोचला होता, तोंडी परीक्षा व्हायची होती, आणि पानावर नावाच्या आधी ‘डॉ.’ लागलासुद्धा. शिनगाऱ्यांना ते फार लागलं. का लागलं ते त्यांचं त्यांनाही त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

प्राचार्यांनी नियमावली करायचं काम शिनगाऱ्यांवर सोपवलं. शिनगाऱ्यांनी तीन दिवस दार लावून सत्तावीस नियम केले. पहिलाच असा होता : ‘पान कर्मचाऱ्याचे असले तरी जागा संस्थेची आहे.’ हे वाक्य त्यांनी वनमालाबाईंना, म्हणजे आपल्या मंडळींना, जेवताना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या नियमाने पानावर राजकीय व्यक्तींचे फोटो टाकायला बंदी केली आणि तिसऱ्याने संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो सक्तीचा केला. अध्यक्ष तिसऱ्यांदा निवडणुकीला उभे होते. हे दोन नियम एकमेकांच्या अंगावर जातात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्ही नियम कुणी वाचले नाहीत. सहावा नियम सगळी अक्षरं एकाच आकाराची ठेवा म्हणत होता. अकराव्याने नातेवाईक, जनावरं आणि वाहनं एका ओळीत बसवून त्यांना एकदमच मनाई केली. एकोणिसावा म्हणत होता, की भंग करणाऱ्यास अधीक्षकांच्या सहीने कारणे दाखवा नोटीस द्यावी.

आणि चौथा. ‘शैक्षणिक पात्रता सेवापुस्तकात नमूद असल्याप्रमाणेच लिहावी. रकाना कोरा ठेवू नये.’ हा नियम घुल्यांच्या ‘डॉ.’साठी खास घडवला होता. तो लिहून झाला तेव्हा शिनगाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं, चहा मागवला आणि बजरंगालाही अर्धा दिला.

घुल्यांनी ‘डॉ.’ काढला. न बोलता काढला, हे जरा लक्षात घ्यायला हवं होतं. मग स्टाफच्या बैठकीत ते उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, की नियमावली सुरेख आहे, पण आमच्यासारख्यांना नमुना पाहिजे. अधीक्षक साहेबांनीच आपलं आदर्श पान आधी करावं, म्हणजे आम्ही बघून बघून करू. टाळ्या पडल्या. प्राचार्य म्हणाले की समितीलाही तेच दाखवू. शिनगाऱ्यांनी मान डोलावली.

शिनगाऱ्यांच्या सेवापुस्तकात ‘बारावी उत्तीर्ण’ असं लिहिलं होतं.

गावात, भावकीत, सासुरवाडीला ते बी.कॉम. होते. लग्नाच्या पत्रिकेत ‘चि. बद्रीनाथ’ याच्यापुढे कंसात बी.कॉम. छापलेलं होतं आणि सासऱ्यांनी ती पत्रिका युसूफ वडगावात घरोघर नुसती दिली नव्हती, त्या कंसावर बोट ठेवून दिली होती. घराच्या पाटीवर तोच कंस होता. शिनगाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने ‘मी बी.कॉम.’ असं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे आणि ते नाही म्हणायचे नाहीत, एवढंच. ऑफिसच्या कागदावर तर त्यांनी खोटं अक्षरसुद्धा लिहिलं नव्हतं. बारावीवर कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि ज्येष्ठतेने चढत चढत अधीक्षक झाले, सगळं रीतसर. सेवापुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच करदोट्याला होती, म्हणून आतली गोष्ट आतच होती. ती बाहेर काढायचा नियम त्यांनी स्वतः केला होता.

एरवी माणसाने हसून कबूल केलं असतं. पण घरात वैष्णवी होती. त्यांची एकुलती एक लेक, याच कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. संख्याशास्त्रात नापास झाली होती. निकाल लागला त्या दिवशी शिनगारे तिला म्हणाले होते, “शिनगाऱ्याच्या घरात नापास कुणी झालेलं न्हाई.” त्यानंतर ते तिच्याशी बोललेच नव्हते. पाणी पाहिजे असेल तर वनमालाबाईंना सांगायचे, तिला सांग पाणी आण म्हणून, आणि ती समोर तांब्या घेऊन उभी असायची. फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा नाही, नापास पोरीला शिकवून काय करायचं, यंदा स्थळं बघायला घ्यायची, असा निकाल त्यांनी देऊन टाकला होता. आता ‘बारावी उत्तीर्ण’ हे शब्द कॉलेजच्या पानावर चढले तर ते सगळ्यात आधी कोण वाचणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिला उपाय म्हणून त्यांनी पात्रतेचा रकाना कोरा ठेवला. पान जतन होईना. पौर्णिमा म्हणाली, रकाना कोरा ठेवू नये असा नियम आहे म्हणून मी तसंच बसवलंय, साहेब. मग त्यांनी ‘वाणिज्य शाखा’ असं लिहिलं. ती म्हणाली, ही शाखा झाली, पात्रता कुठाय. मग ते म्हणाले, निदान त्या ओळीची अक्षरं बारीक कर. तिने सहावा नियम दाखवला. स्वतःच्या नियमांत इतक्या सगळ्या बाजूंनी बूच मारलेलं असेल याची शिनगाऱ्यांना कल्पना नव्हती. दुसरं कुणी केलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती. शेवटी त्यांनी तिला जवळ बोलावून हळूच खरं ते सांगितलं आणि तिने ते टाइप केलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. शिनगाऱ्यांना वाटलं की जरा तरी दिसायला पाहिजे होतं.

घरी येऊन ते ओट्यावर बसले तर शेजारचे बंकट आगळे आले. आगळे तहसिलातून निवृत्त झालेले. कोणता कागद कुठं दडपायचा याचं त्यांना दांडगं ज्ञान, आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायची सवय. शिनगाऱ्यांनी एका ‘मित्राची’ अडचण म्हणून सांगितली. आगळ्यांनी मित्राचं नाव विचारलं नाही, पाटीकडे एकदा बघितलं.

“लपवू नका,” आगळे म्हणाले. “लपवलेलं लगेच सापडतं. त्याच्यावर ढीग घाला. तलाठ्याची चूक आमी नेहमी दोनशे पानांच्या खाली ठेवायचो. मित्राला म्हणावं पानावर फोटू टाक, लई टाक. लोक फोटू बघतेत, अक्षरं कोण वाचतंय.”

हा सल्ला शिनगाऱ्यांना पटला, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. त्यांनी सेवेतले फोटो शोधले तर सहा निघाले. त्यातल्या चारांत ते दुसऱ्यांच्या मागे उभे होते. ढीग काही होईना. म्हणून साडूला फोन करून जुन्या कार्यक्रमाचा एखादा फोटो मागितला. साडूने विचारलं, कशाला. शिनगाऱ्यांनी सांगितलं, आणि तिथे घात झाला. संध्याकाळपर्यंत युसूफ वडगावात बातमी पसरली, की जावईबापूंच्या कॉलेजच्या इंटरनेटवर पाहुण्यारावळ्यांचे फोटो लागणार आहेत आणि समितीसमोर दाखवणार आहेत.

लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर माणूस मांडवात जेवत नाही, असा हा मुलूख. दोन दिवसांत शिनगाऱ्यांच्या फोनवर एकशे दहा फोटो आले. साडू ट्रॅक्टरवर बसलेले. थोरले मेव्हणे अध्यक्षांच्या विरोधी उमेदवाराच्या गळ्यात गळा घालून उभे. चुलत सासूबाई, त्यांची म्हैस आणि म्हशीमागे नवीन मोटारसायकल. कोणाचा आधी, कोणाचा नंतर यावरून घरात बैठका झाल्या. धाकट्या मेव्हण्याचा फोटो थोरल्याच्या वर लागला म्हणून वहिनींनी वनमालाबाईंचा फोन उचलणं बंद केलं. मानपान सांभाळत, कापत, जोडत शेवटी त्रेचाळीस फोटो ठरले. पात्रतेची ओळ त्या सगळ्यांच्या खाली, तळाला.

पौर्णिमाने यादी वाचली आणि म्हणाली, “साहेब, नियम अकरा. आन हे मेव्हणे नियम दोन.”

“विशेष बाब म्हणून घ्या,” शिनगारे म्हणाले. तिने तसं लेखी मागितलं. त्यांनी लिहून दिलं. लेखी मागितलं की द्यायचं, एवढी सवय हाडात मुरलेली. पान फार जड झालंय, उघडायला वेळ लागेल, असंही ती म्हणाली. शिनगारे मनात म्हणाले, लागू दे, तितकाच बरा.

समिती आली. तिघेजण होते आणि समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. सभागृह भरलं होतं. पालक प्रतिनिधी म्हणून कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून शिनगाऱ्यांनीच वनमालाबाईंना नवी साडी नेसवून दुसऱ्या रांगेत आणून बसवलं होतं. फुलं द्यायला उभ्या असलेल्या मुलींत वैष्णवी होती. संस्थेची प्रगती, झाडं, पाण्याची टाकी असं सगळं दाखवून झालं. समिती उठणार तेवढ्यात घुले सर पुढे झाले आणि म्हणाले, मॅडम, आमच्या अधीक्षकांचं आदर्श पान राहिलंच.

पौर्णिमाने पान उघडलं. पडदा पांढरा झाला. आता शिनगाऱ्यांना संगणकातलं एवढं ठाऊक नव्हतं, की जड पान उघडताना अक्षरं आधी येतात आणि फोटो मागाहून. त्रेचाळीस फोटोंपैकी एकही आला नाही. तळाला दडवलेली ओळ वर सरकली आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तेवढंच उरलं : बद्रीनाथ शिनगारे. कार्यालय अधीक्षक. सेवा : एकतीस वर्षे. शैक्षणिक पात्रता : बारावी उत्तीर्ण.

सगळी अक्षरं एकाच आकाराची होती.

ते पान चार मिनिटं तसंच राहिलं. पौर्णिमाने दोनदा बटण दाबलं, तर डब्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शिनगाऱ्यांना वाटलं कुणी तरी हसावं, म्हणजे रागवता तरी येईल. त्या बाईंनी चष्मा सावरला आणि मनापासून म्हणाल्या, बारावीवर एकतीस वर्षं एवढं मोठं कार्यालय सांभाळलं, ही फार कौतुकाची गोष्ट आहे. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. घुल्यांनी उभं राहून वाजवल्या. आयुष्यात शिनगाऱ्यांसाठी इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या आणि त्यांना जमीन फाटेल तर बरं असं झालं. वनमालाबाईंचे हात मांडीवर तसेच होते. वैष्णवी पडद्याकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती.

टाळ्या थांबल्यावर पहिला फोटो आला. ट्रॅक्टर आणि त्यावर साडू. हे कोण, असं बाईंनी विचारलं. “साडू,” शिनगारे म्हणाले, आणि समितीच्या एका सदस्याने ते लिहून घेतलं. पुढचे फोटो यायच्या आत प्राचार्यांनी स्वतः वायर ओढली.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी नियमावली मागवली. पौर्णिमाने ती दिली, सोबत ‘विशेष बाब’चा कागदही दिला, कारण तो मागितल्याशिवाय द्यायचा असतो हे तिला शिनगाऱ्यांनीच शिकवलं होतं. विरोधी उमेदवाराच्या गळ्यातला मेव्हणा पडद्यावर आला नाही तरी संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेला होता. प्राचार्य म्हणाले, एकोणिसाव्या नियमाप्रमाणे कारवाई करा. नोटीस अधीक्षकांच्या सहीने जायला पाहिजे.

तेव्हा शिनगारे खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःला नोटीस लिहिली. ‘आपण’ लिहावं की ‘तुम्ही’ यावर थोडा वेळ गेला. ‘आपण अधीक्षकासारख्या जबाबदार पदावर असूनही’ हे वाक्य त्यांनी बजरंगाला खोंडाबद्दल दिलेल्या नोटिशीतून जसंच्या तसं घेतलं, फक्त पद बदललं. खाली सही केली, जावक रजिस्टरात नोंद केली, आणि बजरंगाला हाक मारली. बजरंगाने ती डाकवहीत घेतली, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याच टेबलावर ठेवली. शिनगाऱ्यांनी मिळाल्याची सही केली आणि आवक रजिस्टरात नोंद घेतली. बजरंग गेला नाही. त्याने नोटीस खालपर्यंत वाचली होती.

“साहेब, खुलासा द्यायला मला चोवीस तास दिलते,” तो म्हणाला. “तुमाला तीन दिवस कावून?”

शिनगाऱ्यांनी ‘तीन दिवस’ खोडून ‘चोवीस तास’ केलं आणि खाडाखोडीवर आद्याक्षरं घातली. बजरंग जाताना दार हळूच ओढून गेला. इतक्या वर्षांत त्याने ते कधी ओढलं नव्हतं.

घरी गेले तेव्हा दिवस मावळायला आला होता. आगळे ओट्यावर होते, पण शिनगाऱ्यांना बघून आत गेले. सल्ला न देता आत गेलेले आगळे गल्लीने पहिल्यांदाच बघितले असतील. वनमालाबाईंनी ताट वाढलं. भाकरी, आमटी, ठेचा, सगळं रोजच्यासारखं. मग म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी चौथी पास माणसालाबी दिली असती मला. त्याचं काय न्हाई. पण मी तीस वर्षं बायांत सांगत फिरले. आज ते सगळं मला एकेक आठवायलंय. कुणाकुणाला तोंड दाखवू?”

एवढी वर्षं आपल्या खोटेपणाचा भार आपणच वाहतो अशी शिनगाऱ्यांची समजूत होती. तो सगळा बायकोच्या तोंडून वाहिला गेला होता, आणि तिला ठाऊकही नव्हतं. त्यांना स्वतःची अतिशय लाज वाटली. ताट तसंच ठेवून ते हात धुवायला उठले, तर दारात वैष्णवी उभी होती.

तिच्या हातात फेरपरीक्षेचा फॉर्म होता. उद्या शेवटची तारीख. सगळा भरलेला, स्वच्छ अक्षरात. पालकाची सही बाकी होती. आणि सहीच्या वर एक रकाना कोरा होता : पालकाचे शिक्षण.

“हे तेवढं तुमी भरा,” ती म्हणाली.

शिनगारे खाली बसले. दोन्ही पेनं खिशात होती, त्यातलं एक काढलं. रकाना लहान होता. त्यांनी लिहिलं, ‘बारावी उत्तीर्ण’. पेन उचललं आणि पुन्हा टेकवलं. मग समासात, जागा पुरेना म्हणून कडेने वर वळवत लिहिलं, ‘बी.कॉम., संख्याशास्त्रात तीन वेळा अनुत्तीर्ण’. एवढं कुणी विचारलं नव्हतं. असा फॉर्म दुसऱ्या कुणाचा आला असता तर त्यांनी समासात लिहू नये असा शेरा मारून परत केला असता.

वैष्णवीने ते वाचलं. दोनदा वाचलं. ती हसली नाही, टाकून बोलली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली :

“पप्पा, तेवीस दिवस झाले तुमी माझ्याशी बोलून. तुमी पहिल्यांदा नापास झालता तवा आजोबा किती दिवस बोलले नव्हते?”

शिनगाऱ्यांना तो दिवस आठवला. निकाल बघून ते बसमधून उतरले होते. वडील रानातून तसेच, मातीच्या पायांनी, थांब्यावर येऊन उभे होते. त्यांनी पोराचं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. समोरच्या हॉटेलातून पेढे घेतले आणि घरापर्यंतच्या वाटेवर भेटेल त्याच्या हातावर ठेवत गेले, पोरगं बी.कॉम. झालं म्हणून. पोराला कुणी खाली बघायला लावू नये, एवढंच त्या अडाणी माणसाच्या डोक्यात आलं होतं. घरात पाऊल टाकल्यावर हळूच म्हणाले होते, पुढच्या येळंला होशील, आता जेवून घे. पुढच्या वेळेलाही झाले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हाही म्हातारा तेवढंच म्हणाला होता.

“एकबी दिवस न्हाई,” शिनगारे म्हणाले, आणि फॉर्मवर सही करताना त्यांना वर बघवेना.